ध्यास की झपाटलेपण? तुमचे अनुभव लिहा

पैसा नाही, बक्षीस नाही, कुणी सांगितलेलंही नाही, तरी माणसं कशाच्या तरी मागे लागतात आणि वर्षानुवर्षं लागलेलीच राहतात. तुमच्या मागे असं काय लागलंय? आणि प्रकरण हाताबाहेर चाललंय हे तुम्हाला किंवा घरच्यांना कशावरून कळलं? उपदेश नकोत, अनुभव हवेत. माझं मी सवडीने लिहिते.

*

माझं वेड मेसिएची यादी. शार्ल मेसिए धूमकेतू शोधायचा. धूमकेतूसारखेच धूसर, पण जागचे न हलणारे ठिपके मध्ये मध्ये यायचे, म्हणून अठराव्या शतकात त्याने त्यांची यादी केली. आज तिच्यात ११० नोंदी धरतात. मला त्या सगळ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या आहेत, फोटो न काढता.

एम ७४ ने, म्हणजे यादीतल्या ७४ व्या नोंदीने, फार रडवलं. मीन राशीतली ही दीर्घिका इतकी फिकी, की थेट बघितलं की गायब. अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मोबाइल खिशातून काढायचा नाही आणि नजर ठिपक्याच्या जरा बाजूला ठेवायची. कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या अगदी मधोमध नसतातच. मग अचानक तिथे काहीतरी आहे असं जाणवतं. काचेवर राहिलेल्या बोटाच्या ठशाइतपत. "एवढ्यासाठी कुडकुडत बसलास?" असं घरचे विचारतात. हो, एवढ्यासाठीच!

पण ढग आले की मी दुर्बीण आवरतो आणि मला शांत झोप लागते. माझ्यापुरता फरक इथेच आहे.

*

झोपेचं वाचून बाबा आठवले. त्यांना नाही लागायची. निवृत्तीनंतर त्यांनी गोल्डबाखचं अनुमान हाती घेतलं. दोनपेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांच्या बेरजेने मिळते, एवढंच ते म्हणतं. गोल्डबाख आणि ऑयलर या गणितज्ञांच्या १७४२ सालच्या पत्रांपासून ते पडून आहे, अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. पहिली काही वर्षं फार मजेची गेली. जेवताना बाबा एखादी संख्या टाकायचे, "२८!", की नातवंडं ओरडायची, "११ आणि १७!", "५ आणि २३!"

मग बाबांना 'सिद्धता' सापडली. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी दुसऱ्याच पानावर पेन्सिलीने हळूच खूण केली: जे सिद्ध करायचं तेच इथे गृहीत धरलंय. त्या दिवसापासून बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आम्ही खोलीत गेलो की वही पालथी व्हायची. जेवताना २८ पुन्हा कधी आला नाही. माझं मत विचाराल तर, लपवाछपवी सुरू झाली की समजावं.

*

ताई, थोडा असहमत. अँड्र्यू वाइल्स या गणितज्ञानेही फर्माच्या प्रमेयावरचं, म्हणजे शतकानुशतकं न सुटलेल्या एका कोड्यावरचं, काम वर्षानुवर्षं बायकोखेरीज जवळपास कुणाला कळू दिलं नव्हतं. १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली आणि तपासणीत तिच्यात भोक निघालं. ते त्याने मान्य केलं, रिचर्ड टेलरला मदतीला घेतलं आणि १९९४ मध्ये ते बुजवलं. तेव्हा वही पालथी असेना का. कुणी चूक दाखवली की माणूस वही पुढे सरकवतो की दार लावून घेतो, ते बघा.

*

+१. आम्ही गिर्यारोहक परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवतो. शिखर समोर दिसत असताना विरळ हवेत डोकं चालत नाही, तेव्हाचा स्वतःचा निर्णय धरायचाच नाही. अमक्या वाजता जिथे असू तिथून मागे. ज्याला ही अट अपमानास्पद वाटते त्याच्याबरोबर मी दोर बांधत नाही.

*

गीयोम ल जांती या खगोलशास्त्रज्ञाचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना, बघायला हा गडी १७६० मध्ये फ्रान्सहून पुद्दुचेरीला निघाला. पोचेपर्यंत शहर इंग्रजांनी घेतलेलं. १७६१ चं अधिक्रमण हलत्या जहाजावरून बघावं लागलं, म्हणजे मोजमापं शून्य. पुढचं १७६९ मध्ये, म्हणून पठ्ठ्या इकडेच थांबला, पुद्दुचेरीत वेधशाळा थाटली आणि ऐन वेळी ढग! घरी पोचला तर मेला समजून वारस इस्टेट वाटून घ्यायच्या तयारीत.

लोक याला झपाटलेला म्हणतात, मला तसं वाटत नाही. मधल्या वर्षांत त्याने वारे, भरती-ओहोटी, किनारे, इथलं खगोलगणित असं दिसेल ते नोंदवलं आणि त्यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. शुक्र हुकला, पण त्यापायी त्याचं जग वाढलंच. गोल्डबाखवाल्या बाबांचं आकसत गेलं. रागावू नका ताई.

*

नाही रागावले. बरोबर आहे तुमचं.

*

मला असं कशाचंच वेड नाही, आणि तुमचं सगळं वाचून खरं सांगायचं तर हेवा वाटतोय. मेसिएवाले दादा, साध्या दुर्बिणीतून सुरुवातीला काय बघावं? एम ७४ सोडून सांगा.