माथेरान: पॉइंटांपलीकडचे गाव
'पॉइंट आणि चिक्की सोडली तर माथेरानला पाहण्यासारखे काही नाही' हे काही पर्यटकांचे मत मला अजिबात पटत नाही. तिथे गर्दी फार असते, ही त्यांची तक्रार मात्र रास्त आहे. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर मॅलेट यांनी हे ठिकाण शोधले, एवढाच इतिहास बहुधा सांगितला जातो. पण १९४२ च्या लढ्यात विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणणारे हुतात्मा भाई कोतवाल याच गावात जन्मले आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह धारातीर्थी पडले, हे आम्हां ठाणेकरांनाही क्वचितच आठवते.

मुलांना घेऊन जाणार असाल, तर गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याहून घोडा न करता छोट्या रेल्वेच्या रुळांच्या कडेने, तांबड्या मातीत पाय माखत, बाजारापर्यंत चालत जा आणि वाटेत त्यांना ही हकीकत सविस्तर सांगा.