पुराच्या पाण्यात राहिलेला बी-275 ट्रॅक्टर : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : शिरोळचा नातू

नमस्कार. आमच्या आजोबांनी 1971 साली घेतलेला इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टर शिरोळ तालुक्यातील आमच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये गेली बारा-तेरा वर्षे उभा आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शेडमध्ये पाणी शिरले आणि ते सहा दिवस मागच्या चाकांच्या हबच्या वर होते. पूर ओसरल्यावर घर सावरण्यातच वर्ष गेले, त्यामुळे ट्रॅक्टरकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सायलेन्सरच्या तोंडावर झाकण नव्हते, हेही मला आता लक्षात येते आहे.

सध्याची स्थिती अशी आहे, की पंखा हाताने फिरवला तर बेल्ट घसरतो, इंजिन हलत नाही. ऑइलची काडी काढून पाहिली, तर पातळी खुणेच्या बरीच वर दिसते. बॅटरी नाही, मागचे दोन्ही टायर रिमवर बसले आहेत आणि बॉनेटला तळाशी गंजाने भोके पडली आहेत. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो, शनिवार-रविवार गावी येऊ शकतो. पाना हातात धरण्याचा माझा अनुभव सायकलपुरता आहे.

ओळखीचे एक मिस्त्री म्हणतात, की दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून तिसऱ्या गिअरमध्ये ओढू, इंजिन आपोआप सुटेल. वडिलांचे मत भंगारात घालावा असे आहे. मला तो पुन्हा चालता करायचा आहे, शेतीसाठी नव्हे, तर बेंदराला (बैलांच्या सणाला) घरासमोर उभा राहावा एवढ्यासाठी. सुरुवात कोठून करावी आणि मिस्त्रींचे ऐकावे का?

उत्तर : उद्यमनगरचा फिटर (निवृत्त)

साखळीचा विचार आधी मनातून काढून टाका. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना त्याला जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी नसेल आणि केवळ गंजाने पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरल्या असतील, तरी ओढण्याच्या झटक्याने रिंगा तुटतात आणि लायनरवर खोल ओरखडे पडतात. जे इंजिन थोडक्या खर्चात सुटले असते, ते त्यामुळे बोअरिंगला (सिलिंडर आतून कातून घेण्यासाठी) जाते. शिवाय इतकी वर्षे बंद असलेल्या इंजिनातील एखादा व्हॉल्व्हही गाइडमध्ये अडकलेला असू शकतो, आणि जोर लावला की त्याला उघडणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, वाकतो.

काडीवर पातळी वर गेली आहे, याचा अर्थ चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) बहुधा पाणी आहे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते. म्हणून ड्रेन प्लग एकदम न काढता, खाली मोकळी घमेली ठेवून, आट्याआट्याने सैल करा. पहिल्यांदा पाणी येईल, नंतर ऑइल येईल; किती पाणी आले ते लिहून ठेवा. ऑइल ताकासारखे पांढरट असेल, तर पाणी त्यात घुसळले गेले आहे. असेच गिअरबॉक्स, मागचे हौसिंग आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांचे जेवढे ड्रेन प्लग सापडतील तेवढे सगळे उघडा. पुराचे पाणी नुसते पाणी नसते, ते गाळ घेऊन येते. तो गाळ बेअरिंगांत राहिला तर इंजिन सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत ट्रॅक्टर पुन्हा उघडावा लागेल. पाणी काढल्यानंतर डिझेल भरून, दोन दिवस ठेवून, पुन्हा सोडावे. डिझेल स्वच्छ येईपर्यंत हे करत राहावे.

इंजिनासाठी चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढा. त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून घाला, भोके स्वच्छ फडक्याने बंद करा आणि पुढच्या शनिवारपर्यंत हात लावू नका. रॉकर कव्हर काढून सर्व व्हॉल्व्ह हलतात का ते पाहा. न हलणाऱ्यावर तेच मिश्रण टाका. त्यानंतर क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने, आधी थोडे मागे, मग थोडे पुढे, असा ताण द्या. एका दिवसात सुटले नाही तर पुन्हा मिश्रण घाला. मी स्वतः एका इंजिनासाठी सव्वा महिना वाट पाहिली आहे. इंजिन सुटल्यावरही नोझल लगेच बसवू नका. दोन-तीन पूर्ण फेरे फिरवून आतले पाणी आणि मिश्रण भोकांतून बाहेर येऊ द्या, आणि त्या वेळी तोंड भोकांवर नेऊ नका.

एक गोष्ट सुटे भाग घेताना लक्षात असू द्या. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया 1963 साली स्थापन झाली आणि 1977 साली महिंद्रमध्ये विलीन झाली. आपला ट्रॅक्टर त्यांच्या मूळ 144 घनइंची, चार सिलिंडरच्या इंजिनाचा आहे, त्यात हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) असतात. नंतरच्या 275 डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) ट्रॅक्टरचे इंजिन वेगळे आहे. दुकानदार “275 चाच आहे” म्हणून डीआयचा भाग हातात ठेवतो. जुना भाग सोबत नेऊन मापाशी माप जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तसेच नट-बोल्ट इंची मापाचे आहेत, त्यामुळे मिलिमीटरचे पाने घसरून डोकी गोल होतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंची पान्यांचा जुना संच मिळतो, तो आधी घ्या.

उत्तर : कागलचा शेतकरी

वरील गृहस्थांनी सांगितलेले सर्व मान्य. मी चार वर्षांपूर्वी मॅसी 1035 उघडला होता, तेव्हा माझी झालेली चूक सांगतो. क्लच पाहण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करताना मी दोन्हीकडे जॅक लावले, पण पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर झुलतो हे विसरलो. बोल्ट सुटताच पुढचा भाग एका बाजूला कलंडला. सुदैवाने माझा पाय तेथे नव्हता. तेव्हापासून मी अॅक्सल आणि त्याच्या वरच्या ओतीव लोखंडाच्या भागाच्या मधे दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकल्याशिवाय हे काम करत नाही. जॅकवर विसंबून ट्रॅक्टरखाली कधीही जाऊ नये. खाली लाकडाचे ओंडके हवेतच.

आपल्या बी-275 ला कोरडे डिस्क ब्रेक आहेत. सहा दिवस पाण्यात राहिल्यावर त्यांच्या डिस्क गंजून चिकटलेल्या असतात, त्यामुळे इंजिन सुटूनही ट्रॅक्टर ढकलता येत नाही आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत बसतो. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असतो, म्हणून तेथली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन बाजूंनी छायाचित्र घ्या आणि काढलेले बोल्ट प्लास्टिकच्या पिशव्यांत नाव लिहून ठेवा. फक्त शनिवार-रविवारी काम करणाऱ्याला हे अधिक आवश्यक आहे, कारण सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत सगळे विसरते.

गंज काढण्यासाठी आमच्याकडे मळीचा (साखर करताना उरणाऱ्या काळ्या पाकाचा) उपयोग झाला. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले तर गंज सुटतो. वास मात्र सहन करावा लागतो. अॅल्युमिनिअमचे भाग त्यात घालू नयेत. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते, ती कारखान्यातून सहज आणता येत नाही. म्हणून रीतसर मिळत असेल तरच हा मार्ग धरा, अन्यथा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने वीज सोडून गंज काढण्याची पद्धत आहे, मात्र तिच्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नका.

उत्तर : गडहिंग्लजचे मास्तर

रंगाबद्दल कोणी विचारले नाही, तरीही लिहितो. बहुतेक जण प्रथम रंग मारतात, आणि तेथेच त्यांचे पैसे संपतात. माझे मत याहून वेगळे आहे : आपल्या आजोबांच्या हातांनी झिजलेली स्टीअरिंगची कडा आणि बॉनेटवर शिल्लक राहिलेला लाल रंग शक्य असेल तेथे तसाच ठेवावा, फक्त गंज थांबवावा. बॉनेटच्या तळाची भोके पत्रा जोडून बुजवता येतात. डिझेलच्या टाकीला मात्र वेल्डिंग करू नये; टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ राहते. टाकीचा आतला गंज, लहान साखळी आणि डिझेल घालून हलवले तर सुटतो.

पुन्हा : शिरोळचा नातू

आपणा सर्वांचे आभार. गेल्या शनिवारी चेंबरचा प्लग सैल केला, तर आधी सुमारे दोन लिटर गढूळ पाणी आले, मग पांढरट ऑइल. मिस्त्रींना ते घमेले दाखवले, तेव्हा साखळीचा विषय त्यांनीच बंद केला. नोझल काढून मिश्रण घातले आहे. काल पाना लावल्यावर पुली पाव फेरा हलली आणि थांबली. दुसऱ्या सिलिंडरमधून मिश्रण गंजासारखे लालसर बाहेर येते आहे, बाकी तिन्हींतून काळपट. आता जोर वाढवावा का?

उत्तर : उद्यमनगरचा फिटर (निवृत्त)

नाही. दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पाण्याच्या वेळी उघडा राहिला असणार, गंज तेथेच आहे. ज्या बाजूला पाव फेरा हलली, त्याच टप्प्यात रोज मागे-पुढे करत राहा, अंतर आपोआप वाढेल. पूर्ण फेरा झाला, की हेड उतरवा आणि त्या सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी घ्या. बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजण्याचे साधन) नसेल तर ब्लॉक टेम्पोत घालून उद्यमनगरात आणा. माप घेऊन दिल्याशिवाय कोणत्याही कारखानदाराला बोअरिंगची परवानगी देऊ नका.