मदत हवी आहे: वोल्फ्सबुर्गच्या थंडीसाठी काय द्यावं?

नमस्कार मंडळी. मुलगा सातपूर एमआयडीसीतली नोकरी सोडून नोव्हेंबरात जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला निघालाय. 1938 साली मोटारीच्या कारखान्यासाठीच वसवलेलं शहर, आजही फोक्सवॅगनचं मुख्यालय तिथेच. घड्याळाचं गणित कसंबसं जमलं: उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. म्हणजे आमची रात्रीची जेवणं आटोपतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे पाच, आणि डिसेंबरात तोवर अंधारही पडलेला!

अडलंय थंडीपाशी. निफाडचा गारठा आम्ही शेकोटीवर काढतो, पण तिथे पारा शून्याखाली, वर ओल. जाड जॅकेट, बूट नाशिकहून घ्यावेत की तिकडेच? तिकडे राहिलेलं कुणी आहे का? सौ. दोन गोधड्या भरायला निघाली आहे, कुणीतरी तिला समजवा.