मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये तातडीचा कॅन्सर रेफरल, क्लिनिकमध्ये नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी. सासूबाई आमच्याकडे लेस्टरला असतात. स्तनात, काखेच्या बाजूला गाठ लागली म्हणून जीपीने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) तातडीने ब्रेस्ट क्लिनिकला पाठवलंय. असा रेफरल झालेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो आणि 28 दिवसांत हो की नाही कळावं हा एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) निकष आहे, एवढं वाचलंय. तरी आईंचं जेवणावरून मन उडालंय. तपासणी, मॅमोग्राम, अल्ट्रासाऊंड बहुधा एकाच फेरीत होतात; बायॉप्सीही तेव्हाच करतात का? त्या रक्त पातळ करायची गोळी घेतात, ते क्लिनिकला आधीच फोन करून सांगावं ना? आणि मराठी दुभाषी खरंच मिळतो का? माझ्यासमोर त्या मोकळेपणाने बोलणार नाहीत. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.