जर्मनीत आल्यावर पहिली कामे कोणती?

प्रश्न: मी पुढील महिन्यात नोकरीसाठी सहकुटुंब म्युनिकला येत आहे. आल्यावर कोणती कामे आधी उरकावीत, हे कृपया सांगावे.

उत्तर १: घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करणे बंधनकारक आहे आणि तिच्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो, तो मिळेल ना, हे भाडेकरारापूर्वीच विचारावे. त्यानंतर ११ अंकी करक्रमांक टपालाने येतो. टपालपेटीवर आपले आडनाव अवश्य लावा, कारण ते नसल्यामुळे आमचे पत्र परत गेले होते.

उत्तर २: आरोग्यविमा सक्तीचा आहे. सार्वजनिक विमा घेतल्यास, पत्नीला स्वतःचे उत्पन्न नसेल तर तिला व मुलांना वेगळा हप्ता पडत नाही.

उत्तर ३: रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून किराणा शनिवारीच भरावा.