बाल्लाची अडीच मीटरची गाडी: वेग दिसतो की नुसता आकार?

रंगपेटी: इटलीत तुरीनच्या पिनाकोतेका अन्येल्ली या कलासंग्रहालयात इटालियन चित्रकार जाकोमो बाल्लाचं 'वेलोचिता आस्त्रात्ता' म्हणजे 'अमूर्त वेग' हे तैलचित्र आहे. साल १९१३, आकार २६० बाय ३३२ सेंमी. विषय धावती मोटार, पण मोटार शोधायला जाल तर फसाल. त्या वर्षी बाल्लाने अशा कितीतरी गाड्या रंगवल्या: एकातून एक फुटणारी वर्तुळं आणि त्यांना कापत जाणाऱ्या तिरप्या रेषा. जागाही अशी की संग्रहालय फियाटच्या जुन्या लिंगोत्तो कारखान्याच्या माथ्यावर. कच्चा माल तळमजल्यावर आत यायचा, गाडी मजल्यामागून मजला चढत तयार व्हायची आणि गच्चीवरच्या ट्रॅकवर पळवून बघितली जायची.

माझं म्हणणं, वेग रंगवायचा तर एवढा कॅनव्हास हवाच.

खडूस_प्रेक्षक: मग होर्डिंग रंगवणारे सगळे बाल्लाच की! हल्ली हॉटेलांच्या लॉबीत 'स्पोर्ट्स कारपासून प्रेरित' म्हणून भिंतभर लाल-पिवळे फटकारे लावतात. समोरच्या सोफ्यावर माणूस आरामात झोपतो.

लंडनच्या टेट संग्रहालयातलं बाल्लाचंच छोटं चित्र बघा. तेही १९१३ चंच, जेमतेम ५० बाय ६५ सेंमी. गाडी निघून गेलीय. हिरवानिळा परिसर उरलाय आणि त्यात धुराचा गुलाबी लोट. गेलेली गाडी त्या गुलाबीने दाखवली, तिला अडीच मीटर लागले नाहीत.

रंगपेटी: ते चित्र मलाही आवडतं, पण ते वेग गेल्यानंतरचं आहे. मोठं चित्र एका नजरेत मावत नाही, मान फिरवावी लागते. हायवेच्या कडेला उभं राहिल्यावर दुसरं काय होतं?

गॅरेज_कट्टा: रंगाबद्दल कुणी बोलेल का? शर्यतीत प्रायोजकांचे लोगो येण्याआधी रंगावरून देश कळायचा. इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा. आणि कॅनव्हासच का हवा? १९७९ मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने बीएमडब्ल्यू एम-१ या शर्यतीच्या गाडीवर थेट ब्रश चालवला, २८ मिनिटांत काम खल्लास. गाडी खरीच वेगात असेल तर रेषा आणि रंग एकमेकांत मिसळतात, असं त्याचं म्हणणं होतं. तीच गाडी त्या वर्षी ल मॅन्सच्या २४ तासांच्या शर्यतीत सहावी आली. चित्रच पळवलं राव!

खडूस_प्रेक्षक: पळताना ते चित्र दिसलं कुणाला? ब्रशचे ओघळ बघायला गाडी उभीच करावी लागते.

गॅरेज_कट्टा: उभी असतानाही ती पळाल्याचं ठाऊक असतं ना. बाल्लाची तर जन्मापासून भिंतीला टेकलेली.

जुनी_पानं: भिंतीचं निघालंच म्हणून, बाल्लाच्या त्या मोठ्या कॅनव्हासची पाठ कोरी नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्लाने तिथे 'रोमवरचा मोर्चा' रंगवला. म्हणजे फॅसिस्टांना सत्तेवर आणणारा १९२२ चा मोर्चा, मुसोलिनी आणि साथीदार सरळ आपल्याकडे चालत येताना. पुढून वेग, मागून फॅसिझम. वेगाचं कौतुक करताना हे गाळू नका.

रंगपेटी: मध्ये दीड-दोन दशकं गेली हो. नंतरच्या पाठीसाठी आधीचा चेहरा कसा दोषी?

जुनी_पानं: आधीचं घ्या मग. १९०९ मध्ये इटालियन कवी मारिनेत्तीचा फ्युचरिझमचा, म्हणजे यंत्र आणि वेगाचं गुणगान करणाऱ्या कलाचळवळीचा, जाहीरनामा आला. त्यात डरकाळणारी मोटार ग्रीकांच्या सामोथ्राकेच्या विजयदेवतेच्या प्राचीन पुतळ्याहून सुंदर ठरवली आणि त्याच दमात युद्धाचा उदो उदो केला. पुढच्याच वर्षी फ्युचरिस्ट चित्रकारांच्या जाहीरनाम्यावर बाल्लाची सही. हे सगळं पुढच्या बाजूच्याही आधीचं. चित्र वाईट आहे असं मी म्हणत नाही, निरागस नाही एवढंच.

रंगपेटी: सहीचं मान्य. तरी आकारावर मी ठाम.

खडूस_प्रेक्षक: राहा ठाम. कॅनव्हास एवढा मोठा घेतला म्हणूनच मागे मोर्चा मावला.