छातीवरची पाटी आणि रातोरात पळवलेला संघ

उत्तरार्ध (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात ‘हडसनकाठ’ यांनी इथे लिहिले की युरोपातल्या फुटबॉल क्लबांनी आखाती विमान कंपन्यांना आणि जपानी दुकानदारांना स्वतःची छाती भाड्याने दिली, अमेरिकेने मात्र खेळाडूची जर्सी सोवळ्यात ठेवली, आणि म्हणून परंपरा कशी जपावी हे युरोपने अमेरिकेकडून शिकावे. त्याखाली चार ओळींचा प्रतिसाद लिहायला बसलो होतो. चाराच्या चाळीस झाल्या, म्हणून हा वेगळा धागा.

हे सोवळे टीव्हीने पाळायला लावलेले आहे. अमेरिकन फुटबॉलचा सामना तीन तास चालतो आणि पावलोपावली थांबतो. बेसबॉलमध्ये अर्धा डाव संपला की जाहिराती लागतात. ज्याला दर दहा मिनिटांनी ट्रक, बिअर आणि विमा विकण्याची सोय आहे, त्याने खेळाडूच्या अंगावर कशाला लिहावे? आपल्या फुटबॉलमध्ये ४५ मिनिटे चेंडू फिरत राहतो, जाहिरात घुसवायला फट नसते, तेव्हा उरते ते कापड. खुद्द अमेरिकेतल्या एमएलएस या फुटबॉल लीगने २००७च्या हंगामापासून छातीवर प्रायोजकाचे नाव छापू दिले. देश तोच, माणसे तीच, फक्त खेळ न थांबणारा. पुढे बास्केटबॉलच्या एनबीएने २०१७ मध्ये आणि बेसबॉलने २०२३ मध्ये जर्सीवर जागा काढून दिलीच.

त्याच २०१७ साली राकुतेन या एकाच जपानी कंपनीने बार्सिलोनाची छाती वर्षाला साडेपाच कोटी युरोंना घेतली आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाच्या खांद्याखालचा अडीच इंच लांबी-रुंदीचा तुकडा वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरना. चौरस इंचाचा भाव काढला तर कोण महाग विकले गेले, हे हडसनकाठ यांनीच सांगावे. बार्सिलोनाने त्याआधी, २००६ मध्ये, युनिसेफचे नाव छातीवर घेतले होते आणि त्यासाठी स्वतःच वर्षाला १५ लाख युरो मोजले होते, हेही लक्षात असू द्यावे. पुढे त्या जागी पैसे घेऊन कतारची पाटी आली, हे मी लपवत नाही.

आता परंपरेकडे येऊ. वॉरियर्स मुळात फिलाडेल्फियाचे. १९६२ मध्ये ते उचलून सॅन फ्रान्सिस्कोला नेले. लेकर्स या दुसऱ्या बास्केटबॉल संघाचे नाव मिनेसोटातल्या तळ्यांवरून पडले आणि १९६० पासून तो संघ लॉस एंजेलिसमध्ये आहे. २८ मार्च १९८४च्या रात्री बर्फ पडत असताना बॉल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे हेल्मेटपासून कपाटांपर्यंत सारे सामान ट्रकांत भरले गेले आणि शहराला जाग येईपर्यंत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लागला होता. जर्सीवर डाग नको म्हणणाऱ्यांनी जर्सीसकट संघ परगावी धाडला, आणि त्यांच्याकडून आम्ही परंपरा शिकायची!

हडसनकाठ

लेख पूर्ण वाचला असता तर निम्मा राग वाचला असता. अमेरिकेत व्यापार नाही असे मी कुठेही म्हटलेले नाही. अमेरिकन मालक ‘हा माझा धंदा आहे’ असे तोंडावर सांगतो. युरोपात ‘क्लबपेक्षा अधिक काही’ हे बार्सिलोनाचे ब्रीद मिरवत कतारचा करार सदस्यांच्या सभेत मंजूर होतो. या दोहोंत प्रामाणिक कोण, एवढाच माझा प्रश्न होता.

ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा उल्लेख आपण सोयीस्करपणे गाळलेला दिसतो. जेमतेम लाखभर वस्तीचे गाव, १९२३ पासून संघाची मालकी लोकांकडे, आज पाच लाखांवर भागधारक आणि एकालाही लाभांश नाही. मैदानाचे नाव अजून लॅम्बो फील्ड आहे, कोणाही कंपनीला विकलेले नाही. युरोपातल्या कोणत्या बड्या क्लबाची छाती इतकी मोठी आहे?

आणि परदेशी पैशाची एवढी शिसारी असेल तर सिएटल पाहा. १९९२ मध्ये मरिनर्स हा बेसबॉल संघ फ्लोरिडाला जाण्याच्या बेतात होता. व्हिडिओ गेमच्या जपानी कंपनीचे, निन्तेंदोचे, प्रमुख हिरोशी यामाउची यांनी पैसे पुढे केले, तर बाकीच्या संघांचे मालक ‘अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ जपान्याच्या हाती कसा द्यायचा’ म्हणून अडून बसले आणि अखेर यामाउचींचा मताधिकार निम्म्याहून कमी ठेवण्याच्या अटीवर राजी झाले. संघ गावात राहिला तो परदेशी पैशामुळे. मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये अमेरिकन मालकांनी कर्ज काढून विकत घेतला आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर टाकले, तेव्हा आपली ती परंपरा कोणत्या कोपऱ्यात उभी होती?

उत्तरार्ध

ती जुन्या मैदानाबाहेर उभी होती आणि त्याच वर्षी तिने ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा स्वतःचा क्लब काढला. पॅकर्स मात्र मान्य. पण ‘पॅकर्स’ या नावातच प्रायोजक आहे: १९१९ मध्ये इंडियन पॅकिंग कंपनीने गणवेशांसाठी ५०० डॉलर दिले, म्हणून हे नाव. उदाहरण आपले, पाटी कंपनीची.

लाइपझिगवासी

मी नऊ वर्षे लाइपझिगमध्ये राहतो, त्यामुळे धागाकर्त्यांचा युरोपविषयीचा हा भाविक सूर ऐकला की मला थोडे हसू येते आणि थोडी चीडही येते.

रेड बुल या पेयकंपनीने २००५ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा क्लब घेतला, २००६ मध्ये न्यूयॉर्कचा मेट्रोस्टार्स घेतला आणि २००९ मध्ये आमच्याकडे पाचव्या श्रेणीतल्या एका छोट्या क्लबाचा परवाना घेऊन आरबी लाइपझिग उभा केला. जर्मनीत कंपनीचे नाव क्लबाला नव्याने देता येत नाही, म्हणून आरबी म्हणजे ‘राझेनबालश्पोर्ट’, हिरवळीवरचा चेंडूखेळ! हा शब्द त्याआधी इथे कोणीही उच्चारला नसेल. क्लबावर बहुमत सदस्यांचेच असले पाहिजे हा ‘५०+१’चा नियमही पाळला, फक्त मतदार सदस्य बोटांवर मोजण्याइतके ठेवले. फसवणूक म्हणायची तर जरूर म्हणा.

पण दुसरी बाजू इथल्या रस्त्यावर दिसते. एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतले क्लब एकामागून एक खचले. २००६च्या विश्वचषकासाठी बांधलेले स्टेडियम या शहरात ओस पडले होते. २०१६ मध्ये लाइपझिग बुंडेसलीगात, जर्मनीच्या सर्वोच्च श्रेणीत, चढला, तेव्हा आमच्या इमारतीतले सत्तरीचे शेजारी, जे एरवी जिन्यात नमस्कारालाही मान हलवत नाहीत, माझ्या दारावर थाप मारून बिअर देऊन गेले. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या प्रेक्षकांनी या संघाविरुद्धच्या सामन्यात बैलाचे कापलेले मुंडके मैदानाकडे फेकले. शेजारी म्हणाले, ‘यांची परंपरा शुद्ध आणि आमच्या गावाने उपाशी राहायचे, असेच ना?’ मला उत्तर देता आले नाही. राझेनबालश्पोर्टचे समर्थन मी आजही करणार नाही, एवढेच सांगतो.

उत्तरार्ध

शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगावा. मात्र साल्झबुर्गची गोष्ट आपण एका ओळीत उरकलीत. १९३३ पासूनचा जांभळा-पांढरा रंग नव्या मालकांनी लाल-पांढरा केला. समर्थक वाटाघाटींना गेले, तेव्हा गोलरक्षकाच्या मोज्यांना जांभळा रंग ठेवू, असा देकार मिळाला. मोजे! लोक उठून बाहेर पडले, जुन्या नावाने वेगळा क्लब काढला आणि सर्वात खालच्या, सातव्या श्रेणीपासून खेळू लागले. न्यूयॉर्कमध्ये संघाचे नावच पेयाचे झाले, तेव्हा असे काही घडल्याचे मला तरी आठवत नाही.

हडसनकाठ

कारण मेट्रोस्टार्सचे वय दहा वर्षांचे होते, साहेब. दहा वर्षांच्या परंपरेसाठी कोण सातव्या श्रेणीत जाईल? मी त्या वेळी हॅरिसनजवळ राहत होतो. संघ उसन्या मैदानावर खेळायचा, ते अमेरिकन फुटबॉलचे अवाढव्य स्टेडियम निम्मे रिकामे असायचे आणि आमचा आवाज हवेत विरून जायचा. २०१० मध्ये फुटबॉलसाठीच बांधलेले नवे मैदान मिळाले, ते त्याच पेयाच्या पैशातून. माझा मुलगा तिथे पहिल्यांदा ओरडून घसा बसवून घरी आला. मी त्याला मोज्यांच्या रंगाविषयी काय सांगायला हवे होते?

मुठाकाठ

परदेशी मालकांवर एवढी चर्चा चालली आहे आणि पुण्याचे नाव कोणीच घेतले नाही, म्हणजे कमाल आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स, १८८८च्या मूळ फुटबॉल लीगमधला क्लब, १९९५चा इंग्लंडचा विजेता, २०१० पासून आपल्या पुण्याच्या, कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजच्या मालकीचा आहे. इंग्रजांनी दीडशे वर्षे आपल्यावर राज्य केले. आता त्यांच्या गिरणगावचा क्लब आपल्याकडे आहे, याचा थोडा तरी अभिमान वाटायला हरकत नाही.

लँकेशायरी पाऊस

मुठाकाठ, हा अभिमान आपल्याला पुण्यात बसून परवडतो. मी त्याच परिसरात डॉक्टर आहे. रुग्ण खोलीत येतो, गुडघ्याविषयी बोलता बोलता विचारतो की तुम्ही भारतात कुठले. मी ‘पुणे’ म्हणतो आणि गुडघा बाजूला राहतो. एका आजोबांनी तर तपासणी अर्ध्यावर थांबवून विचारले होते, ‘त्यांना ओळखता का?’ ओळखत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. बहुधा निरोप पाठवायचा होता. तेव्हापासून मी ‘मुंबईच्या बाजूचा’ असे सांगतो. पुण्याचा माणूस हे सांगतो आहे, यावरून परिस्थितीचा अंदाज घ्यावा.

मालकी आल्यावर महिनाभरात प्रशिक्षक सॅम अलार्डाईस यांना काढले. मे २०१२ मध्ये, विगनविरुद्धच्या सामन्यात, क्लबाचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी कोणीतरी मैदानावर सोडली. ती गोलपोस्टजवळ हिंडत होती आणि त्याच संध्याकाळी संघ प्रीमियर लीगमधून बाहेर गेला. २०१७ मध्ये तर तो तिसऱ्या श्रेणीत पोहोचला.

मुठाकाठ

कोंबडीचा विनोद सगळ्यांना आठवतो. पुढच्याच वर्षी संघ वर आला आणि तोटा मालकच भरत राहिले, हे कोणाला आठवत नाही. आधीचे मालक जॅक वॉकर यांनीही पोलादाच्या कारखान्यातला पैसाच ओतला होता. त्यांचा पैसा परंपरा आणि आपला पैसा आक्रमण, हा कोणता न्याय? गोऱ्या अमेरिकन मालकाने हेच केले असते तर त्यांच्या मैदानावर काय सोडले असते?

लँकेशायरी पाऊस

युनायटेडच्या अमेरिकन मालकांविरुद्ध हजारो लोक हिरवे-पिवळे मफलर घालून वर्षानुवर्षे ओरडत आहेत, त्यामुळे कातडीचा मुद्दा इथे आणू नये. वॉकर ब्लॅकबर्नमध्येच जन्मले होते, तिथल्याच स्टँडमध्ये वाढले होते. चूक केली तर त्यांना गावात तोंड दाखवावे लागले असते. माझ्या आजोबा-रुग्णाला निरोप पाठवायचा होता तो यासाठीच, की आज त्यांना ऐकायलाच कोणी नाही. आपण एकदा तरी ब्लॅकबर्नच्या मैदानावर, ईवूड पार्कला, येऊन पावसात बसला आहात का, की केवळ पॅकेटवरचे नाव बघून बोलता आहात?

मुठाकाठ

बसलो नाही आणि बसणारही नाही. ज्यांना आपल्या गावाचे नाव सांगायची लाज वाटते, त्यांनी निष्ठेचे धडे देऊ नयेत.

अवांतर

दोघांनीही जरा पाणी प्यावे. निघालो होतो युरोप विरुद्ध अमेरिका यावर आणि तासाभरात पोहोचलो पौड रस्त्यावर. तरी या भांडणात एक गोष्ट सापडली ती मांडते. वेंकीजनी इतकी वर्षे शिव्या खाल्ल्या, तोटा सोसला, तरी त्यांना ब्लॅकबर्न रोव्हर्स उचलून बाणेरला आणता आलेले नाहीत, आणता येणारही नाहीत. अमेरिकेत हाच मालक एव्हाना तीन शहरांच्या महापौरांना फोन करून ‘नवे स्टेडियम कोण बांधून देतो’ असे विचारत बसला असता. रंगाचेही तसेच. वेल्समधल्या कार्डिफच्या मलेशियन मालकांनी २०१२ मध्ये निळा बदलून लाल केला, लाल रंगातच संघ प्रीमियर लीगमध्ये चढला, आणि तरीही लोकांनी पिच्छा सोडला नाही. २०१५च्या जानेवारीत निळा परत आला. परदेशी मालक ब्रिटनमध्ये येऊन काहीही करतात, पण संघाला गावापासून सोडवणे त्यांना जमत नाही.

हडसनकाठ

लंडनचा विम्बल्डन फुटबॉल क्लब विसरलात, ताई. २००२ मध्ये तो क्लब मिल्टन कीन्स या परगावी हलवायला इंग्लंडच्याच चौकशी समितीने परवानगी दिली होती, आणि मालक काही अमेरिकन नव्हते.

अवांतर

विसरले नाही. त्यावर समर्थकांनी लगेच एएफसी विम्बल्डन काढला, २०११ मध्ये लीगमध्ये आणला आणि २०२० मध्ये प्लाउ लेन या क्लबाच्या जुन्याच रस्त्यावर नवे मैदान बांधले. इंग्लंडमध्ये ते एक प्रकरण अजूनही कलंक म्हणून सांगतात. अमेरिकेत अशा स्थलांतरांची यादी करायची तर नवा धागा लागेल.

हडसनकाठ

ठीक आहे. स्थलांतराच्या बाबतीत अमेरिका निर्लज्ज आहे, हे मान्य करतो. सिएटलचा बास्केटबॉल संघ २००८ मध्ये ओक्लाहोमाला गेला तेव्हा माझ्या सहकाऱ्याने महिनाभर टीव्ही लावला नव्हता. चौरस इंचाचा हिशेबही, नाइलाजाने, मान्य. पण इंग्लंडच्या दुकानात गेल्यावर एक दृश्य पाहा. एकाच रॅकवर बापाची जर्सी असते, तिच्या छातीवर सट्टेबाजीच्या कंपनीचे नाव. शेजारी मुलाची तीच जर्सी, तिची छाती कोरी, कारण मुलांच्या कपड्यांवर जुगाराची जाहिरात चालत नाही. ज्या पाटीची स्वतःच्या मुलापुढे लाज वाटते, तिला परंपरा कशी म्हणायची, हे धागाकर्त्यांनी सांगावे. आणि जाता जाता हेही सांगावे की आपण स्वतः कोणती जर्सी घालता.

उत्तरार्ध

पाटीला परंपरा मी म्हटलेले नाही. पाटी धुतली की जाते, गाव जात नाही, एवढेच म्हटले. कोऱ्या छातीचा मुद्दा मात्र बोचला, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: बार्सिलोनाची, राकुतेनची पाटी असलेली. नवा प्रायोजक आल्यावर निम्म्या किमतीत मिळाली होती. धुऊन धुऊन तिच्यावरची दोन अक्षरे गेली आहेत.

मुठाकाठ

लँकेशायरी पाऊस, थंडीत तिकडे येणे होणार आहे. छत्री लागते की रेनकोट, तेवढे कळवावे.